नरसाळ्याचा मोतीबिंदू

माणसाने विश्वाकडे पाठ फिरवली, तरी विश्व माणसाकडे पाठ फिरवत नाही.

हे वाक्य संस्थेच्या मुख्य दाराच्या कपाळपट्टीवर दगडात कोरलेलं आहे. संचालकांनी ते स्वतः रचलं, असं संचालक सांगतात. अक्षरं इतकी टपोरी आहेत की पूर्ण ओळ नजरेत यायला बरंच मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकणारा माणूस तिथल्या कुंडीत बसतो. आजवर अनेक थोर पाहुणे बसले आहेत. कुंडी हलवण्याची सूचना विचाराधीन आहे.

आता या वाक्यामुळे काय अनर्थ झाला ते ऐका.

संस्थेत एक पेटी तयार होत होती. तारे जन्माला येतात ते थंडगार धुळीच्या ढगांत, आणि ती धूळ अगदी मंद अशी ऊब बाहेर सोडत असते. ही ऊबही उजेडच, फक्त आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचा. शास्त्रात त्याला दूरचा अवरक्त म्हणतात. हवेतली वाफ तो वाटेतच पिऊन टाकते, म्हणून पेटी एका अवाढव्य फुग्याखाली टांगून ढगांच्याही पुष्कळ वर न्यायची, असा बेत होता. पेटीत गारव्यासाठी अतिथंड द्रव हेलियमची टाकी, टाकीला चिकटून ही ऊब टिपणारे चार डिटेक्टर. प्रत्येक डिटेक्टर मोहरीच्या दाण्याएवढा. त्या दाण्यावर हवा तोच उजेड पडावा आणि आजूबाजूच्या कोमट भिंतींचा आगंतुक उजेड आत घुसू नये, यासाठी प्रत्येकाच्या डोक्यावर धातूचं एक नरसाळं.

ही नरसाळी आखणारी बाई म्हणजे नरसाळेताई. संस्थेत नव्याने आलेल्यांना ते तिचं आडनावच वाटतं. तिने ते दुरुस्त करणं कधीच सोडून दिलं होतं. दुरुस्त करण्यासारख्या याहून मोठ्या गोष्टी तिथे आ वासून उभ्या होत्या.

तेलाचं नरसाळं कसंही असलं तरी चालतं, कारण तेल आपल्या वजनाने खाली उतरतं. उजेड तसा ऐकत नाही. साध्या नरसाळ्यात शिरलेला किरण भिंतींवर आपटत आपटत खाली जातो, आणि पुष्कळदा भोकाशी पोचायच्या आतच उलटा फिरून बाहेर येतो, सरकारी कचेरीत गेलेल्या माणसासारखा. म्हणून नरसाळ्याच्या भिंतीला एक नेमका बाक द्यावा लागतो. तो साधला की ठरलेल्या कोनातून आलेला किरण तळाला पोचणारच, आणि कोनाबाहेरून आलेला परत जाणारच. मात्र असं नरसाळं लांब होतं. कोन जितका अरुंद, तितकी लांबी जास्त. यात कुणाची मर्जी चालत नाही, संचालकांचीसुद्धा. पण हे संचालकांना कोण सांगणार?

"ताई, पेटी वीतभर कमी करा," एके दिवशी ते म्हणाले.

"का?"

"गाडीवर ठेवली की दारातून जात नाही. वरून अडते."

"कुठली वीत कमी करू?"

"कुठलीही. तांत्रिक बाबींत मी ढवळाढवळ करत नाही."

"मग दार उंच करा."

"दाराच्या वर वाक्य आहे."

"वाक्य काढा."

संचालकांचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या आईचं घर पाडायला सांगितलं. "ताई," ते खोल आवाजात म्हणाले, "दार उंच करायचं तर 'विश्व' फोडावं लागेल."

ती तडक शेजारच्या खोलीत गेली. तिथे गारेगार बसतो. पेटी थंड ठेवणं हे त्याचं काम. बारा महिने अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, आणि आल्यागेल्याला "दार लावून घ्या हो" ही विनंती, म्हणून गारेगार.

"तुझी टाकी वीतभर कमी कर," ती म्हणाली.

"वेड लागलंय का? हेलियम अर्ध्या वाटेत संपेल. पेटी कोमट होईल. आणि कोमट डिटेक्टरला सगळं जग सारखंच दिसतं."

"म्हणजे आपल्या संचालकांसारखं."

"हे मी ऐकलं नाही."

"मीही बोलले नाही. मग पेटी आडवी करून बाहेर काढू या?"

"टाकी बारीक पट्ट्यांवर लोंबकळतेय, बाई. आडवी केली की पट्ट्या तुटल्या, पट्ट्या तुटल्या की टाकी सुटली, आणि टाकी सुटली की मी गावाला गेलो."

म्हणजे उरली नरसाळी. निसर्गाचा नियम बाजूला सारा, कारण दारावर सुविचार आहे! तिने काही दिवस कुणाशी धड बोलणं टाकलं. त्या रागाच्या भरात तिने जे केलं, ते शांत डोक्याने तिला जमलं असतं की नाही, शंकाच आहे. अशा नरसाळ्याचा वरचा भाग जवळजवळ उभाच असतो. जागा भरपूर अडवतो, काम फार थोडं करतो. (संस्थेत असा भाग कुठला, यावर गारेगारने लगेच मत दिलं. ते छापण्याजोगं नाही.) तो भाग तिने छाटला. उरलेल्याचा बाक नव्याने आखला, आणि तोंडावर एक घुमटदार भिंग बसवलं, म्हणजे येणारे किरण आधीच जरा आत वळून यावेत. वीतभर लांबी गेली, आणि उजेडातली तूट नावापुरती. असं काम दुसऱ्या एखाद्या संस्थेत झालं असतं, तर बाईला खांद्यावर घेऊन नाचले असते.

संचालकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकं छाटून काहीच बिघडत नसेल, तर अजून थोडं का नाही छाटत?"

ही झाली पहिली चीड. पुढची आणखी चवदार आहे.

भिंग होतं प्लॅस्टिकचं. बादल्या आणि बाटल्यांची झाकणं ज्याची होतात तेच, फक्त निवडक शुद्ध. दिसायला दुधासारखं पांढरं. डोळ्याला लावलं तर समोर नुसतं धुकं. पण दूरचा अवरक्त त्यातून खुशाल आरपार जातो. उलट स्वच्छ पारदर्शक काच ही त्याला भिंत. नरसाळ्याची आतली बाजूही तशीच फसवी. त्यावर कापणीच्या बारीक रेषा दिसत होत्या, चकाकी यथातथाच. पण या उजेडाची लहर केसाच्या जाडीएवढी. त्याहून बारीक रेषा त्याला जाणवतच नाहीत. आपल्याला जे खरखरीत, ते त्याला लख्ख आरसा.

तिने हे रात्री जेवताना सासूबाईंना समजावलं होतं. सासूबाईंना उजव्या डोळ्याने हल्ली धूसर दिसायचं, पण डोकं शाबूत होतं, आणि जीभ तर काल धार लावून आणल्यासारखी.

"म्हणजे मला जे आरपार दिसतं, ती त्याला भिंत?"

"हो, आई."

"आणि मला जी भिंत दिसते, त्यातून तो आरपार?"

"हो."

"उलट्या डोक्याचाच म्हणायचा. अगदी तुझ्या सासऱ्यांसारखा." त्यांनी ताक ओतून घेतलं. "पण सांभाळलं मी त्यांना. तूही सांभाळ."

सासूबाईंना ताकाच्या वाटीबरोबर कळलेली ही गोष्ट संस्थेतल्या एका माणसाला मात्र कळली नाही. हा माणूस म्हणजे गुणवत्ता अधिकारी. हाताखालून गेलेल्या प्रत्येक वस्तूत त्यांना आपला चेहरा दिसावा लागतो. दिसला की मंजूर, नाही दिसला की नामंजूर. त्यामुळे सगळे त्यांना आरसेसाहेब म्हणतात. समोर नुसतं साहेब.

तपासणीच्या बैठकीत त्यांनी नरसाळं उचललं, खिडकीकडे धरलं आणि आत डोकावून पाहिलं.

"यात मी दिसत नाही."

"तुम्ही दिसावं म्हणून ते केलेलंच नाही, साहेब."

"घासून आणा. चकचकीत."

"घासलं तर बाक बिघडेल. बाक हेच तर सगळं काम आहे. आणि त्या उजेडाला ते चकचकीतच आहे."

"तो उजेड इथे सही करणार आहे का? सही मी करणार." मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. "हे तर आंधळं आहे!"

"तुमच्यापुरतं."

"ताई, डोळ्यापेक्षा मोठं उपकरण अजून बनायचंय."

"साहेब, डोळ्याला दिसलं असतं तर ही पेटी कशाला केली असती? तुम्हालाच फुग्याला टांगलं असतं की!"

बैठकीत हशा झाला. तो हशा आरसेसाहेबांनी नीट घडी घालून मनात ठेवला. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

आणि वेळ तर नव्हता. वरचे वारे शांत असतात ते वर्षातून थोडे दिवस. तेवढ्यात फुगा सोडला नाही, तर गेलं वर्ष. शिवाय पेटीचं झाकण एकदा लागलं आणि हेलियम भरलं, की फुगा परत उतरेपर्यंत ती उघडायची नाही. आत जे असेल ते असेल. म्हणजे झाकण लागताना नरसाळ्यांच्या तोंडावर चुकीची वस्तू असली, तर तिची सगळी मेहनत ढगांच्या वर जाऊन, डोळे मिटून, तशीच कोरी खाली येणार.

नेमकं त्याच सुमारास सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिने रजा टाकली. रजेचं कारण सगळ्या विभागप्रमुखांना कळतं. आरसेसाहेब तिला जिन्यात भेटले आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, "काळजी घ्या हं सासूबाईंची. मोतीबिंदूत नेमकं काय करतात हो?"

तिला बरं वाटलं. माणूस तसा वाईट नाही, असं मनात आलं. ती म्हणाली, "डोळ्यातलं भिंग दुधाळ झालेलं असतं. ते काढतात आणि त्याच मापाचं स्वच्छ, पारदर्शक बसवतात. लगेच लख्ख दिसायला लागतं."

"अस्सं," म्हणत साहेबांनी मान डोलावली. ते डोलावणं किती अर्थपूर्ण होतं, ते तिला रजेवरून परतल्यावर कळलं.

पेटी टेबलावर उघडी होती, आणि नरसाळ्यांची चारही तोंडं चमचम करत होती. तिने बोट लावून बघितलं. थंड, गुळगुळीत. काच.

"कशी वाटली?" मागून आरसेसाहेबांचा आवाज आला. "तिकडे तुम्ही सासूबाईंचा मोतीबिंदू काढलात, इकडे आम्ही पेटीचा काढला. अगदी त्याच मापाची काच घासून घेतली. तुम्ही हॉस्पिटलात, म्हटलं फोन करून त्रास कशाला द्या!"

तिचा राग इतका होता की शब्दांची बाहेर पडायला दारात गर्दी झाली.

"आत बघा, आत," साहेब कौतुकाने म्हणाले. "तळाचं भोकसुद्धा दिसतं. याला म्हणतात भिंग."

तेवढ्यात संचालक आले. "वा! आता कशी देखणी झाली पेटी. उद्या अध्यक्षबाई येतायत, झाकण लावण्याचा छोटासा कार्यक्रम ठेवलाय. ताई, तुम्ही सगळ्यांना चार शब्दांत सांगा, नरसाळं म्हणजे काय ते. फार खोलात जाऊ नका."

"सर, ही काच आहे! यातून काहीही आत जाणार नाही!"

"मला तर सगळं आत दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय हो, पण..."

"ताई," संचालक समजुतीने म्हणाले, "तुम्ही दमलायत. हॉस्पिटलची धावपळ. घरी जा, झोप काढा."

ज्या बाईने त्यांच्या सुविचारासाठी निसर्गाशी तडजोड करून दाखवली, तिला झोप काढायला सांगत होते! गारेगारने अडवलं असतं, पण त्या दिवसांत तो घरी होता. त्याला सर्दी झाली होती.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सगळं बोलली. नवरा ऐकत होता. हा गृहस्थ कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना समान न्याय देतो आणि मग एकटाच जेवतो. तो म्हणाला, "तसं बघितलं तर त्यांचाही हेतू चांगलाच..."

"तू गप्प बस रे," सासूबाई कडाडल्या. त्यांच्या डोळ्यावर छिद्रांची प्लॅस्टिकची वाटी चिकटवलेली होती, त्यामुळे त्या मोहिमेवर निघालेल्या सेनापतीसारख्या दिसत होत्या. "हेतू चांगला म्हणे! माझ्या डोळ्याचं निमित्त करून त्या मेल्याने चार डोळे फोडले, आणि याला हेतू दिसतो! काय गं, मोतीबिंदूचं त्याला कुणी सांगितलं?"

"मीच, आई. त्याने गोड बोलून विचारलं."

"गोड बोलणाऱ्याला माझी दुखणी सांगत जाऊ नकोस. आता काय करणार?"

"समजावून सांगणार. परत एकदा."

"मुळीच नाही. समजावून झालं तुझं. जो माणूस डोळ्यावरच विश्वास ठेवतो, त्याच्या कानाशी काय बोलतेस? त्याच्या डोळ्यालाच दाखव."

"काय दाखवू? तो उजेड दिसत नाही हीच तर सगळी..." ती मध्येच थांबली. मग तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला, सासूबाईंच्या गालाचा मुका घेतला आणि पिशवीतून चाव्या काढल्या.

"अगं, चेहऱ्याला हात नाही लावायचा सांगितलंय डॉक्टरांनी!" सासूबाई ओरडल्या. पण ती जिना उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. मधोमध पेटी, बाजूला झाकण, झाकणावर हार नाही म्हणून संचालक नाराज. अध्यक्षबाई वेळेवर आल्या. वयस्कर, जाड चष्मा, हातात काठी. संस्थेला जागा त्यांच्याच घराण्याने दिलेली, त्यामुळे त्यांचं बोलणं सगळे ऐकायचे आणि समजलं नाही तरी हसायचे. त्या आपल्या वजनदार लाकडी खुर्चीत बसल्या, आणि खुर्ची पुढे ओढायला गेल्या तर ती सुळ्ळकन् सरकली.

"अरे वा! दरवेळी किती करकर करायची. आज बघा, लोण्यासारखी," असं म्हणून त्यांनी खुर्ची मागेपुढे सरकवून दाखवली. सगळे हसले.

नरसाळेताईला चार शब्द बोलायला बोलावलं. ती बोललीच नाही. तिने कोपऱ्यातून एक चाकांचं टेबल ढकलत आणलं. त्यावर चाचणीसाठी केलेलं एक जादा नरसाळं, त्याच्या तळाशी थंड न करताही चालणारा साधा डिटेक्टर, त्याच्यापुढे फक्त दूरचा अवरक्त आत सोडणारी धातूची जाळी, आणि सगळ्यांना दिसेल असा मोठ्या काट्याचा मीटर. नरसाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे उरलेलं पांढरं भिंग होतं. बाक जरासा चुकला म्हणून बाजूला ठेवलेलं.

"साहेब," ती आरसेसाहेबांना म्हणाली, "या स्टुलावर बसता?"

"मी कशाला?"

"तुमच्यासारखं लख्ख दुसरं काही सभागृहात नाही."

आरसेसाहेबांच्या डोक्यावर केस नव्हते. ते बसले. ते बसताच काटा उठला, आणि चांगला वर जाऊन थांबला.

"हे साहेब आहेत," ती म्हणाली. "साहेबांची ऊब. आता उठा." ते उठले, काटा खाली आला. "बसा." काटा वर. "उठा." अध्यक्षबाईंना मजा वाटू लागली. त्यांनी स्वतःच दोनदा "बसा", "उठा" म्हणून घेतलं.

मग तिने पांढरं भिंग काढलं आणि पेटीवरचं एक चकचकीत काचेचं भिंग उतरवून तिथे लावलं. "बसा, साहेब."

साहेब बसले. काटा हलला नाही.

"उठा."

काटा हलला नाही.

"पुन्हा बसा. नीट पुढे वाका. हं, बघा तरी भिंगातून. तळ दिसतोय ना?"

"स्वच्छ दिसतोय," साहेब म्हणाले.

"पण तळाला तुम्ही दिसत नाही. या काचेसाठी तुम्ही असलात काय, नसलात काय, एकच." आणि इतके दिवस दाबून ठेवलेला तिचा आवाज आता वर चढला. "तुम्ही तर हाताच्या अंतरावर बसलायत, साहेब! अंगात ताप नसला तरी उबदार आहात! ज्यांच्यासाठी ही पेटी केली ते ढग किती लांब आहेत, किती गार आहेत, याचा विचार केलात? त्यांची ती एवढीशी ऊब कुठून कुठून येणार, आणि आमच्या दाराशी येऊन तुमच्या काचेवर डोकं आपटणार! का, तर तुम्हाला त्यात तोंड बघायचंय म्हणून!"

नुकताच आलेला गारेगार मफलरमधून शिंकला.

"मग काच काढा की," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

"काढते. पण मूळची चार भिंगं कुठायत? साहेब, कुठायत?"

आरसेसाहेब स्टुलावरच चुळबुळले. "वाया नाही घालवली हं. नामंजूर असली तरी माल चांगला होता. गुळगुळीत, घुमटदार, चिवट. ऑफिसला देऊन टाकली. नव्या फरशीवर ओरखडे पडत होते ना..."

संचालकांचा चेहरा पांढरा पडला, अगदी त्या भिंगासारखा. त्यांची नजर हळूहळू खाली गेली, अध्यक्षबाईंच्या खुर्चीच्या पायांकडे. मग गारेगारची गेली. मग सगळ्यांची. खुर्चीला पाय चार.

"कार्यक्रमानंतर बघू," संचालक पुटपुटले. "बाई बसल्यात."

"कार्यक्रमानंतर पेटी बंद झालेली असेल!"

"ताई, अध्यक्ष बसलेल्या आहेत."

त्या पदावरच्या माणसाला उठायला सांगायची पद्धत नसते. लोक ते मनात म्हणतात. नरसाळेताई सरळ खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जरा उठता का? तुम्ही माझ्या भिंगांवर बसलायत."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "सगळ्यांवर?"

"चारहींवर."

"आणि मी मघापासून त्यांच्यावर घसरगुंडी खेळतेय?"

"हो."

"अगं मग आधी नाही का सांगायचं!" त्या काठी टेकत उठल्या. "करा रे कुणीतरी ही खुर्ची उलटी. बघता काय?"

खुर्ची उलटी झाली. चारही पायांना दुहेरी चिकटपट्टीने चार पांढरी भिंगं चिकटवलेली होती, घुमट खाली करून. नरसाळेताईने ती एक एक करून सोडवली. गारेगारने स्पिरिटचा बोळा आणून डिंक पुसला. घुमटांवर फरशीची धूळ होती आणि बारीक ओरखड्यांची जाळी. तिने प्रत्येकावरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. एका भिंगाच्या कडेला टवका उडाला होता. पण कड खोबणीत जाते, उजेडाच्या वाटेत येत नाही. तिने ते छातीशी धरलं आणि श्वास सोडला.

"चालतील," ती म्हणाली.

"चालतील?" आरसेसाहेब ताडकन् उभे राहिले. "ओरखडे पडलेत त्यांच्यावर! मला स्पष्ट दिसतायत! ओरखडे पडलेली वस्तू मी मंजूर करू शकत नाही. नियम आहे."

आता मात्र कमाल झाली. ओरखडे पाडले कुणी, नियम दाखवतो कोण, आणि ऐकून घ्यायचं कुणी! नरसाळेताईने तोंड उघडलं. पण त्याआधी अध्यक्षबाईच बोलल्या.

"साहेब," त्या गोड आवाजात म्हणाल्या, "पुन्हा एकदा स्टुलावर बसता?"

ओरखडे पडलेलं भिंग चाचणीच्या नरसाळ्यावर लागलं. साहेब बसले. काटा पूर्वीपेक्षाही किंचित वर गेला, कारण याचा बाक बरोबर होता. आणि बहुधा साहेबांनाही आता घाम फुटला होता. त्यांनी काट्याकडे पाहिलं. काटा डोळ्यांना दिसत होता, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. त्यांनी सही केली.

संचालकांनी प्रसंगावधान राखून जाहीर केलं, की यापुढे संस्थेत कुठलीही वस्तू दिसण्यावरून पारखली जाणार नाही. टाळ्या पडल्या. त्याच झपाट्यात त्यांनी पेटीचं बाहेरचं चकाकणारं कवच काळं रंगवून घेण्याचा हुकूम सोडला. गारेगारने त्यांना बाजूला घेतलं आणि ते चकाकतं म्हणूनच पेटी गार राहते, हे बराच वेळ समजावलं. त्याला पुन्हा शिंका आल्या.

चार भिंगं चार तोंडांवर बसली. दुधाळ, ओरबाडलेली, डोळ्याला ठार आंधळी. झाकण आलं. नरसाळेताईने स्क्रू स्वतःच्या हाताने आवळले, समोरासमोरचे जोडीजोडीने, म्हणजे झाकण कुठे वाकडं बसू नये. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा तिला एकदम हलकं वाटलं, आणि मग त्या मोकळ्या झालेल्या जागेत सगळा राग पुन्हा भरून आला. मंडळी चहाला निघून गेली होती. पेटीजवळ फक्त आरसेसाहेब रेंगाळत होते.

बरं झालं, तिला वाटलं. आता यांना एकट्याला ऐकवते. दारापासून सुरुवात करते. दार, ती वीत, ते "अजून छाटा", ते "झोप काढा", सासूबाईंचा डोळा, अध्यक्षबाईंची खुर्ची. न दिसणाऱ्या गोष्टींसाठी आयुष्य घालवणाऱ्या माणसांनी दिसण्यावर जगणाऱ्यांचं आणखी किती सहन करायचं, ते एकदाच, शेवटचं, ठणकावून. तिने स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे वळली.

"साहेब, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"मलाही," साहेब म्हणाले. त्यांनी मागे वळून कुणी नाही ना ते पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला. "ताई, ती काढलेली काचेची भिंगं आता कुणाच्या उपयोगाची नाहीत ना?"

"नाहीत."

"मग एक मी घेऊ का? पेपरातलं शब्दकोडं हल्ली फार बारीक छापतात हो."